मागच्या रांगेतली आजी

आमच्या टीममध्ये नवीन आलेली एक ट्रेनी परवा टीम डिनरला चक्क डिजिटल कॅमेरा घेऊन आली. फोन नाही, कॅमेरा! आईच्या कपाटात सापडलेला, चंदेरी रंगाचा, मनगटात अडकवायची दोरी असलेला. बाणेरच्या त्या हॉटेलात उजेड म्हणजे टेबलावरची मेणबत्ती, बस्स. तिने कॅमेरा रोखला, फट्कन फ्लॅश उडाला आणि मागच्या इवल्याशा स्क्रीनवर आम्ही सगळे उमटलो. पिठात बुडवून काढल्यासारखे चेहरे, दोघांचे डोळे लालभडक आणि पाठीमागे काळाकुट्ट अंधार. मला वाटलं, बिचारी आता डिलीट करणार. तर ही किंचाळलीच, ‘कसला भारी लूक आलाय!’

आता बोला.

म्हणजे झालंय असं, की हे कॅमेरे परत आलेत. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले होते; २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. सगळे फोनने खाल्ले. आणि आता विशीतली पोरं तेच जुने कॅमेरे कपाटांतून, सेकंडहँड दुकानांतून शोधून काढतायत, कारण फोनचे फोटो त्यांना फारच ‘परफेक्ट’ वाटतात. त्यांना तो फ्लॅशने भाजलेला चेहराच हवाय.

त्या पोरीला मी काही बोलले नाही. पण माझ्या हार्डडिस्कवर असे २१४ फोटो पडून आहेत आणि त्यातला एकही मला भारी वाटत नाही. का, ते सांगते. सांगता सांगता घरातल्या उजेडात फ्लॅश मारून बरा फोटो कसा काढायचा तेही सांगते. मला ते शिकायला सोळा वर्षं लागली.

२००७. पहिली नोकरी, हिंजवडी, कंपनीची बस, गळ्यात आयकार्ड. तीन महिन्यांचे पैसे साठवून घेतलेला कॅननचा पॉवरशॉट ए५७०. सात मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्या वर्षी कुणी भेटलं की मी आधी मेगापिक्सेल सांगायचे, मग पगार. आणि डिसेंबरात सांगलीला आजोबांचा अमृतमहोत्सव होता. पंच्याहत्तरी! कॅमेऱ्याचं खरं उद्घाटन तिथेच करायचं ठरवलं होतं.

रजा मिळाली अर्ध्याच दिवसाची. सकाळची पूजा हुकली. आजी आजोबांच्या शेजारी पाटावर बसली असेल तर ती तेव्हाच, पण तेव्हा मी पेठनाक्याला सांगलीकडे वळणाऱ्या एसटीत उभी होते. पोचले तेव्हा गावभागातल्या आमच्या घराच्या सोप्यात सत्काराचा कार्यक्रम सुरू झालेला. चाळीस वॅटची एक ट्यूब. आजोबा खुर्चीवर, डोक्याला फेटा, गळ्यात हार. पुढे त्यांचे विद्यार्थी (आजोबा शाळेत विज्ञान शिकवायचे), मागे घरची मंडळी, आणि त्यांच्याही मागे, माजघराच्या दाराशी, ताट घेऊन आजी.

मी काय केलं, तर डायल हिरव्या ऑटोवर ठेवली, कोपऱ्यात उभी राहिले, झूम केलं आणि दणादण फ्लॅश मारत सुटले. स्वतःला एकदम प्रेस फोटोग्राफर समजून!

रात्री जेवणं झाल्यावर पिवळी वायर टीव्हीला जोडून सगळ्यांनी फोटो पाहिले. आजोबांचं कपाळ ट्यूबपेक्षा लख्ख. फेट्याची काळी सावली भिंतीवर अशी उभी, की जणू त्यांच्यामागे दुसरा कुणी फेटेवाला लपलाय. एका फोटोत हवेत पांढरे गोल गोल ठिपके. आत्याने हात जोडले, म्हणाली, ‘सगळे पूर्वज आलेत बघ आशीर्वादाला.’ आजोबा म्हणाले, ‘पूर्वज नाहीत, अक्षतांची धूळ आहे. फ्लॅश भिंगाच्या इतका जवळ बसवलाय की समोरचा कणन् कण उजळून निघतोय.’ आत्या रागावली ती रागावलीच.

आणि आजी? एका फोटोत अंधारात एक नथ चमकतेय. शेजारी दोन बांगड्या आणि ताटाची कड. म्हणजे तिथे आजी आहे, हे आपण समजून घ्यायचं.

आजोबांनी निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकृती काढली. मी चहा पीत होते, अर्धंच ऐकलं. पण ते वाक्य डोक्यात राहिलं: अंतर दुप्पट, प्रकाश पावपट. नववी-दहावीच्या पोरांना शिकवावं तसं ते सांगत होते. कॅमेऱ्यापासून मी दोन मीटरवर, ही माझ्यामागे आणखी दोन मीटरवर, म्हणजे चार. माझ्यावर चार आणे उजेड पडला तर हिच्यावर एकच आणा. शिवाय तू झूम केलंस. भिंगाच्या कडेला काय लिहिलंय वाच. २.६ ते ५.५. झूम पूर्ण केलं की भिंगाचं तोंड लहान होतं, आत येणारा प्रकाश चौपटीहून कमी. मग तुझ्या त्या बोटभर फ्लॅशने किती लांब पोचायचं? पुढे सरकायचं, झूम नाही करायचं!

मग सांगलीकर असल्यामुळे गाडी इतिहासावर गेली. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा वीज कुठे होती? तरी लोकांना दिसलंच ना नाटक? पुढे फोटोवाले मॅग्नेशियमची पूड जाळायचे, खोलीभर धूर. जर्मनीत फ्लॅशचा बल्ब निघाला १९२९-३० च्या सुमाराला, म्हणजे आपल्या आयर्विन पुलाच्या वयाचा. मी म्हटलं, ‘आजोबा, पुढच्या वेळी नीट काढते.’ आजी आतून म्हणाली, ‘माझा कशाला काढायचा? ह्यांचा आला की झालं.’

आजोबा २०१२ मध्ये गेले. पुढची वेळ आली नाही.

आमच्याकडे अल्बम मात्र भरपूर होते. लग्नाचे, मुंजींचे, आजीच्या माहेरचे, स्टुडिओत जाऊन काढलेले कृष्णधवल. सोप्यातल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून. सांगलीत राहणाऱ्याला खालचा कप्पा म्हणजे काय हे सांगायला नको. ऑगस्ट २०१९. साताऱ्याच्या डोंगरांत पडलेला पाऊस कृष्णा-कोयनेतून सांगलीतच येतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेलं. आईबाबा आणि आजी आधीच बाहेर पडले होते म्हणून माणसं वाचली. घर पाण्यात होतं. आठवड्याने कपाट उघडलं तर सगळे अल्बम मिळून एक वीट झाली होती. चिखलाची, चिकट वीट. पान उलगडायला गेलं की फोटोवरचा रंग समोरच्या पानाला चिकटून यायचा. आईने तीन दिवस दोरीवर वाळत घालून पाहिले, मग एका संध्याकाळी काही न बोलता सगळं कचऱ्याच्या ट्रॉलीत टाकून आली.

वाचलं काय? माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हार्डडिस्कवर असलेले ते २१४ फोटो.

त्या दिवाळीत मी ते सगळे एकेक करून पाहिले. आजी अकरा फोटोंत होती. अकराच्या अकरा मागच्या रांगेत. मी लॅपटॉपवर उजेड वाढवून पाहिला. तुम्हीही कधी करून पाहिलं असेल. काय होतं माहितीय? अंधार राखाडी होतो. राखाडीवर हिरवे-जांभळे दाणे येतात. चेहरा येत नाही. कारण तिथे कॅमेऱ्याने काही नोंदवलेलंच नसतं. आजी तेव्हा पासष्टची होती, ठणठणीत, कमरेला पदर खोचून शंभर माणसांचं जेवण काढलं होतं तिने त्या दिवशी. ती आजी कशी दिसायची याचा आमच्याकडे आता कागदोपत्री पुरावा नाही!

पुरानंतर आजी साताऱ्याला धाकट्या काकांकडे राहायला गेली. मंगळवार पेठेतला जुना वाडा, चार पायऱ्या चढून आत, खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा दिसतो. आणि २०२३ च्या डिसेंबरात तिचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं आणि वर दहा-अकरा महिने. काकूचा फोन आला, ‘फोटोग्राफर सांगू का गं?’ मागून आजीचा आवाज, ‘फोटोग्राफर नको. हिला म्हणावं तो कॅमेरा घेऊन ये. ह्यांचे काढलेले ना, तोच.’

मी म्हटलं, आजी, माझा फोन त्यापेक्षा दहापट चांगले फोटो काढतो. तर म्हणाली, ‘फोन धरलास की मला वाटतं तू कुणाशी तरी बोलतीयस. कळतच नाही बघायचं कुठं.’

यावर काय बोलणार?

कॅमेरा माळ्यावर सापडला. सुदैवाने सेल आत राहिले नव्हते. नवे रिचार्जेबल सेल आणले (साधे पेन्सिल सेल घातलेत तर दोन फ्लॅशच्या मध्ये एक चहा होतो), जुनं दोन जीबीचं कार्ड घातलं आणि बारा संध्याकाळी सराव केला. ऑफिसातून आल्यावर, हॉलमध्ये. मॉडेल म्हणून नवरा. तो आजोबांच्या जागी खुर्चीत, त्याच्यामागे टाइल्स मोजून सहा फुटांवर आजीच्या जागी स्टुलावर ठेवलेला प्रेशर कुकर. नवऱ्याने सहन केलं. फक्त एकदा म्हणाला, ‘अगं, कुकरचेच फोटो चांगले येतायत.’ तेच तर पाहिजे होतं मला!

कळलं ते असं. कॉम्पॅक्टचा फ्लॅश फार फार तर तीन-साडेतीन मीटर पोचतो, तोही झूम न करता. तेव्हा आजोबा बरोबर होते, पाय उचलायचे. पण फार पुढे गेलं तर परत पिठाचा चेहरा. सहा ते आठ फुटांवर बरं जमतं. दुसरं म्हणजे ऑटोवर कॅमेरा शटर साधारण साठांश सेकंद उघडं ठेवतो. फ्लॅशला तेवढं पुष्कळ झालं, तो स्वतः सेकंदाच्या हजाराव्या भागात उरकतो. पण खोलीतला जो काही उजेड आहे, ट्यूबचा, समईचा, त्याला आत यायला वेळच मिळत नाही. मागचा अंधार हा खोलीत नसतोच मुळी, तो आपण फोटोत तयार करतो. सोप्यात त्या दिवशी ट्यूब होती की! आजी मला डोळ्यांनी दिसत होती.

उपाय मेनूत सोळा वर्षं पडून होता: स्लो सिंक्रो. यात फ्लॅश उडतो तसाच, पण शटर जरा जास्त वेळ उघडं राहतं. पुढचा माणूस फ्लॅशने स्पष्ट येतो, मागचा खोलीच्या उजेडाने. काही कॅमेऱ्यांत हे नाव नसतं, तिथे चंद्र आणि माणसाचं चित्र असलेला नाइट मोड लावा, तो तेच करतो. किंवा डायल टीव्हीवर फिरवा. या टीव्हीचा टीव्हीशी काही संबंध नाही, शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते तिथे आपण ठरवायचं असतं. आयएसओ ८० वरून २००-४०० वर नेलं की मागचा कुकर आणखी उजळतो. त्याच्या वर गेलं की फोटोत रवा दिसायला लागतो. एक अडचण मात्र आहे. माणसं हलली की भुतासारखी रेघ उमटते. दम धरा, कोपर भिंतीला टेकवा आणि समोरच्यांना ‘हलू नका’ हे फ्लॅश उडाल्यावरही सांगत राहा, कारण फ्लॅश उडाला की सगळ्यांना वाटतं झालं आणि पांगतात. डोळे लाल होऊ नयेत म्हणून आधी एक दिवा लागतो ना, त्यालाही लोक असेच फसतात. तो दिवा मी बंदच केला. त्यापेक्षा खोलीतले सगळे दिवे लावायचे, बुब्बुळं आपोआप लहान होतात. आणि समोरच्याला भिंगात रोखून बघू नका म्हणायचं.

नवऱ्याचा चष्मा हा स्वतंत्र अध्याय. समोरून फ्लॅश मारला की काचेत दोन सूर्य. एक पाऊल बाजूला सरकलं की गायब. काचेचं काहीही असो, चष्मा, फ्रेम, शोकेस, समोर उभं राहायचं नाही. हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

सगळ्यात भन्नाट उपयोग झाला तो ऑफिसने छापून दिलेल्या व्हिजिटिंग कार्डांचा. पाचशेतली चारशे नव्वद ड्रॉवरमध्येच होती. एक कार्ड फ्लॅशसमोर तिरकं धरायचं, उजेड वर छताला जाऊन खाली येईल असं. आमच्या फ्लॅटचा पांढरा स्लॅब. नवरा एकदम एखाद्या जाहिरातीतल्यासारखा दिसायला लागला, सावली गायब, कपाळाची चमक गायब. मी जाम खूश. फ्लॅश असा फिरवला की त्याचा जोर फार कमी होतो, म्हणून आयएसओ ४०० आणि अंतर कमी, एवढंच सांभाळायचं.

साताऱ्यात पोचले, वाड्याच्या माजघरात उभी राहून वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. छत कुठे पांढरं? सागाच्या तुळया आणि फळ्या, कित्येक वर्षांच्या चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या. तिकडे फेकलेला उजेड परत येतोय कसला! कार्ड खिशात.

सकाळी होम होता. होमाच्या धुरात फ्लॅश मारू नका, सरळ बंद करा. उजेड धुरावरच आदळतो आणि पांढरी चादर येते. खिडकीतून ऊन येत होतं, तेवढ्यात काम भागलं. काकांनी मध्येच ‘दे, तुझापण एक काढतो’ म्हणून कॅमेरा घेतला आणि बोट फ्लॅशवर ठेवून माझा गुलाबी फोटो काढला. हा प्रकार घराघरात असतो, त्याला इलाज नाही.

दुपारी, पंगत बसायच्या आधी, सगळ्यांचा एकत्र फोटो. तेवीस माणसं. पुरुष खुर्च्यांवर बसले, मुलं पुढे सतरंजीवर, बायका मागे. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, आपोआप. मी स्क्रीनमध्ये बघतेय, मोजतेय, तर एक कमी. आजी कुठाय? आजी मागच्या रांगेत, सगळ्यात कोपऱ्यात, दाराच्या चौकटीला धरून उभी. हातात वाटीत काहीतरी. अहो, आज तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं! नवी पैठणी नेसून, फोटोला अगदी तयार होऊन ती मागे जाऊन उभी राहिली होती.

‘आजी, पुढे ये.’

‘असू दे गं. मी हितनं दिसतीय की.’

‘नाही दिसत,’ मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं बहुतेक, कारण सगळे गप्प झाले.

मग मी सगळ्यांना उठवलं. रांगाच नकोत. फ्लॅशला रांग कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. तेव्हा सगळ्यांना माझ्यापासून सारख्या अंतरावर उभं केलं, कंकणाकृती, कमानीसारखं. उंच पोरं टोकांना, मुलं त्यांच्या आईबापांच्या पुढ्यात मांडी घालून, भिंतीपासून सगळे चार-पाच फूट पुढे म्हणजे सावल्या मागे खाली पडतील. मध्ये आजीची खुर्ची. तेवीस माणसं फ्लॅशच्या टप्प्यात बसवताना घाम निघाला. दोन काकांना मागे राहावं लागलं, त्यांची तोंडं जरा सावळी आली आहेत. चालतंय.

खरी परीक्षा संध्याकाळी होती. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण. काकूने कणकेचे दिवे केले होते, कणकेत सांगलीची हळद घातलेली, पितळी परातीत गोल गोल मांडलेले. आजीने पुन्हा मोडता घातला. ‘मला कशाला ओवाळता? ह्यांच्यामागं ओवाळून घेतात का बाईनं?’ दोन म्हाताऱ्या नातेवाईक एकमेकींकडे बघायला लागल्या. मग काकू म्हणाली, ‘अत्या, तुम्ही घरातल्या सगळ्यांना ओवाळलंय. आज आमची पाळी.’ आजी काही बोलली नाही. पदर सारखा केला आणि पाटावर बसली.

वीज घालवली. माजघरात फक्त एक्याऐंशी वाती. आजीचा चेहरा खालून उजळला, मी आयुष्यात तो असा पाहिला नव्हता. इथे ऑटोवर फ्लॅश मारला असता तर काय झालं असतं सांगू? दिव्यांचा सगळा सोनेरी उजेड मेला असता आणि परातीत एक्याऐंशी पिवळे ठिपके राहिले असते. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा, वातीचा केशरी. दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की माणूस आजारी दिसतो. त्याची तयारी मी पुण्याहून करून आले होते. आदल्या महिन्यातल्या आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन कागद, पिवळा-नारिंगी, आणि त्यावर एक पदर बटर पेपर, चिकटपट्टीने फ्लॅशवर. उजेड मऊ होतो, कमी होतो आणि वातीच्या रंगाचा होतो. वीस रुपयांचंही काम नाही.

टीव्हीवर पंधरांश सेकंद, आयएसओ २००, झूम शून्य. मी दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर कोपर टेकवलं. पाच जणी परात धरून ओवाळायला लागल्या. दिवे हलत होते, फोटोत त्यांच्या रेघा येणार हे माहीत होतं, येऊ देत म्हटलं. आजीने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. कुठे बघायचं ते तिला आता कळत होतं.

चार फोटो काढले. दुसऱ्या दिवशी साताऱ्यातच एका स्टुडिओतून प्रिंट काढून आणले, मॅट कागदावर. वाटेत दुकानाच्या दारात उभं राहून तीनदा पाहिले. आजीचा चेहरा आला होता. सगळा. सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, उजव्या गालावरचा तीळ, डोळ्यांत दिव्यांचे बारीक ठिपके. परातीच्या बाजूने उजेडाच्या लांबट रेघा. मागे काकू, आई, आत्या, सगळ्या ओळखू येतात. सोळा वर्षांनी एकदाचं जमलं म्हणून मी स्वतःला कंदी पेढा खिलवला.

आजीने चष्मा लावला. फोटो खिडकीपाशी नेला. स्वतःकडे तिने बघितलंच नाही, तिचं बोट थेट वर गेलं, तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर. तिथे आजोबांची फ्रेम आहे, चंदनाचा हार घातलेली. काचेची फ्रेम, बरोबर माझ्या समोर. आणि त्या काचेत, नेमका आजोबांच्या तोंडावर, माझ्या फ्लॅशचा कंदीलरंगी गोळा.

आजी हसायला लागली. इतकी, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ‘तेव्हा पांढरं केलंस,’ म्हणाली, ‘आता पिवळं केलंस ह्यांना.’

मी घाईघाईने दुसरा प्रिंट पुढे केला. तो एक पाऊल डावीकडून काढलेला, त्यात आजोबा स्वच्छ दिसतात. फक्त आजीचे डोळे मिटलेले आहेत. तिने दोन्ही घेतले, पदराने पुसले आणि गाथेच्या पुस्तकात ठेवताना पिवळा वर ठेवला.